नेवासा फाट्याचा अल्निको

कान हा अवयव माणसाला जन्मतःच मिळत असला, तरी त्याने काय ऐकायचं हे ठरवायला एक अध्यक्ष, किमान सात सभासद आणि रीतसर घटना लागते. हे सत्य नगर जिल्ह्यात जरा उशिरा पोचलं, पण पोचलं ते कायमचं.

ते पोचवण्याचं श्रेय जिल्हा विद्युत-गिटार नादपरीक्षण मंडळाकडे जातं. मंडळाचे सभासद अकरा. त्यांपैकी सहा जणांकडे गिटार आहे, आणि दोघांना ती वाजवता येते. (या दोघांकडे मंडळात थोडं संशयाने पाहिलं जातं. वाजवणाऱ्याचं लक्ष वाजवण्याकडे जातं, नादाकडे राहत नाही.) अध्यक्ष सहादेवराव ठाणगे हे निवृत्त शाखा अभियंता. त्यांच्याकडे तीन गिटारी असून एकीलाही त्यांनी अजून हात लावलेला नाही, कारण वाजवल्याने तारा जुन्या होतात. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मंडळाने लेटरहेड नव्याने छापून घेतलं, आणि त्यानंतरच्या बैठकीत नाद पूर्वीपेक्षा जरा खुलल्याचं तीन सभासदांना स्पष्ट जाणवलं. तशी नोंद आहे.

मंडळाचा मुख्य विषय लोहचुंबक. विद्युत गिटारीच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेची कॉइल आणि खाली बोटाएवढं लोहचुंबक. वरची तार हलली की कॉइलमध्ये वीज खेळते आणि पुढे तिचा आवाज होतो. आता हे चुंबक कशाचं, यावर आवाज थोडा बदलतो. ‘थोडा’ या शब्दावर मात्र मंडळ चालत नाही, म्हणून मंडळाने पुढीलप्रमाणे वर्गवारी केली होती. अल्निको दोन (अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू; दोन म्हणजे दोन नंबरचा): नाद थंडीतल्या हुरड्यासारखा, कोवळा, किंचित धुरकट. अल्निको तीन: तसाच, पण घरंदाज. अल्निको पाच: तांब्याच्या घंगाळावर पळी आपटावी तसा खणखणीत. आणि शेवटी सिरॅमिक, म्हणजे स्वस्तातल्या स्पीकरमधलं काळं चुंबक. त्याचा नाद ग्रामसभेत आयत्या वेळी उठून बोलणाऱ्या माणसासारखा. सिरॅमिकचा उल्लेख बैठकीत शक्यतो होत नसे. झालाच तर ‘ते दुसरं’ असा होई.

नेवाशाचा रविराज कोलते हा मंडळाचा सर्वांत निष्ठावान सभासद. तालुक्याच्या एका कार्यालयात तो आवक-जावक सांभाळायचा. दर रविवारी गिटार पाठीला लावून तो एस.टी.ने नगरला जायचा आणि बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसून इतरांना जे ऐकू आलं ते वहीत टिपून घ्यायचा. वाजवता येणाऱ्या दोघांपैकी एक तो. येत्या बैठकीत त्याला ‘नादपरीक्षक, श्रेणी एक’ ही पदवी मिळणार होती. त्याची बायको ज्ञानेश्वरी अंगणवाडीत शिकवायची. तिने एकदाच विचारलं होतं, “तुम्हाला खरंच कळतो का हो फरक?” रविराज त्यावर दोन दिवस जेवताना बोलला नाही. राग आला म्हणून नव्हे. उत्तर शोधत होता म्हणून.

पदवीच्या आधी खात्री करून घ्यावी, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्याने आपला पिकअप खोलला. आतलं चुंबक अल्निको दोनच आहे ना, त्यावर कुठे तसा शिक्का आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. शिक्का नव्हता. तो शोधताना स्क्रू-ड्रायव्हर सटकला, कॉइलची तार तुटली, चुंबक हातातून फरशीवर पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. (अल्निको पडला की फुटतो. वर्गवारीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.) गिटार मुकी झाली. नवा पिकअप मागवावा तर यायला महिना, आणि बैठक रविवारी.

“फाट्यावर जा की,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “कचरूबाबांची प्रज्ञा. आपल्या मळ्यातली मोटार तिनंच भरली होती. तारेचंच काम ना?”

रविराज अगदी नाइलाजाने गेला. नेवासा फाट्यावर ‘कचरू मोटार रिवायंडिंग’ अशी पाटी होती. आत पाणबुडी मोटारींची रांग लागली होती, आणि पस्तिशीची प्रज्ञा मांडीवर स्टेटर (मोटारीचा न फिरणारा बाहेरचा भाग) घेऊन त्यात तांब्याचे वेढे बसवत होती. कोपऱ्यात तिचे वडील कचरूबाबा डोळे मिटून बसले होते. गेली सहा वर्षं दुकानातलं प्रत्येक वेटोळं प्रज्ञाने भरलं होतं. तरी रविराजच्या देखत तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनीही तिच्या डोक्यावरून बघत विचारलं, “बाबा कुठंयत?” बाबा डोळे न उघडता म्हणायचे, “ठिवा. होईल.” मग गिऱ्हाईक निर्धास्त होऊन निघून जाई. प्रज्ञा पुढचा वेढा बसवी. तिला मोटारी उरकायच्या असत.

रविराजने रुमालातला पिकअप टेबलावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

“कशाची मोटार म्हनायची ही?”

“मोटार नाही ताई. पिकअप. गिटारचा.”

“म्हंजे उलटी मोटार. मोटारीत वीज घालतो अन् ती फिरती. हितं तार हालती अन् वीज निगती.”

मंडळाला जे सांगायला दोन बैठका लागल्या होत्या ते तिने एका दमात सांगितलं, याचं रविराजला जरा वाईट वाटलं. म्हणून त्याने चुंबकांची वर्गवारी सांगायला घेतली. ती पाऊण तास चालली. प्रज्ञाचा हात या वेळात थांबला नाही. हुरडा झाला, घंगाळ झालं, ग्रामसभा झाली. शेवटी ती म्हणाली, “सर, लोहचुंबक जादा जोराचं असंल तर ते तारंलाच धरून बसंल ना? तार मोकळी हालायची न्हाई.”

“तसं… असतं थोडंसं.”

“मग तेवडंच हाय ते. हुरड्याचं मला म्हाईत न्हाई.”

बारीक तार तिने नगरहून मागवून घेतली. शुक्रवारी पाच हजार वेढे भरले. मोजायचं यंत्र चार हजार नऊशेवर अडकलं, तेव्हा उरलेले तिने तोंडाने मोजले. प्रश्न उरला चुंबकाचा. दुकानाबाहेर एक जुनं लोखंडी कपाट भंगारवाल्याची वाट बघत उभं होतं. प्रज्ञाने त्याच्या दाराचं काळं चुंबक पान्याने उचकटलं, ग्राइंडरवर घासून मापात आणलं आणि कॉइलखाली सरकवलं.

रविराज उठून उभा राहिला. “ताई, हे तर… ते दुसरं आहे. सिरॅमिक.”

“तुमचं अस्सल येईपर्यंत चालवा. वाजवून तर बगा.”

त्याने वाजवलं. आवाज आला, आणि चांगला आला. कोवळा म्हणावा की खणखणीत, हे त्याला ठरवता येईना, कारण आजवर ते दुसऱ्याने ठरवलेलं त्याने टिपून घेतलं होतं. पण इतके दिवस मुकी असलेली गिटार बोलली होती आणि त्याचे डोळे भरून आले. कोपऱ्यातून कचरूबाबा म्हणाले, “हां. बोलतंय.”

रविवारी रविराजने वाजवलं आणि सहादेवरावांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “अल्निको दोन. निःसंशय. आणि जुना. आता असं धातूकाम होत नाही.” नऊ माना हलल्या. दहावी हलली नाही, ती चिटणीस सुनील मगर यांची. त्यांच्या मते यातला घरंदाजपणा पाहता हा तीन होता. यावरून जी चर्चा झाली ती इतिवृत्तात चार पानं आहे. एक सभासद पाणी न पिता निघून गेले. शेवटी ठराव झाला की पुढच्या रविवारी पडद्याआड परीक्षण घ्यावं आणि वादाचा निकाल लावावा. पिकअप खोलून आतलं चुंबक बाहेर काढण्यात येईल. मंडळाची स्वतःची चुंबकं त्यात पाळीपाळीने बसवण्यात येतील. कॉइल तुटून नव्याने भरल्याचं रविराजने सांगितलंच होतं; ती ज्यांनी भरली त्यांना तांत्रिक सहाय्यक म्हणून बोलावण्यात येईल.

‘खोलून’ हा शब्द रविराजने वहीत टिपला आणि लगेच खोडला. तो आठवडा त्याने कार्यालयात आवकच्या टपालावर जावकचे शिक्के मारण्यात घालवला. शनिवारी तो फाट्यावर गेला.

“ताई, कपाटाचं तेवढं सांगू नका.”

प्रज्ञाने हातातली पक्कड खाली ठेवली. “सर, मी खोटं बोलनार न्हाई. इचारलं तर सांगीन. कुनी न इचारता सांगत फिरायची मला हौस न्हाई.”

“आणि मी विचारलं तर?” कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

“तुमी तर तितंच बसला हुता बाबा.”

“मग मी बी येतो उद्या. बगू तरी मानसं कशी ऐकत्यात.”

परीक्षण सहादेवरावांच्या दिवाणखान्यात झालं. दोन खांबांना सोलापुरी चादर बांधली होती. चादरीच्या अलीकडे दहा परीक्षक, पलीकडे रविराज गिटार घेऊन, आणि त्याच्यासमोर मान खाली घालून प्रज्ञा. रविराजने तिच्या हाताकडे बघायचं नाही, डोळ्यांना पट्टी बांधायची, असं ठरलं होतं. मंडळाची चुंबकं दागिन्यांच्या मखमली डबीत होती: दोन, तीन आणि पाच. मूळचं चुंबक मिळून चार. प्रज्ञाने पाच वेळा पिकअप खोलायचा आणि बंद करायचा, चारांपैकी कोणतंही बसवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. परीक्षकांनी प्रत्येक फेरीला नाव लिहायचं. सोय म्हणून उत्तरपत्रिकेवर ‘ते दुसरं’ अशीही एक चौकट छापली होती. ती कोणी भरेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

कचरूबाबा दाराशी चपला सोडतात तिथे स्टुलावर बसले. आत खुर्च्या मोजून दहाच होत्या.

पहिल्या फेरीत रविराजने एक सरळ सूर धरला आणि तो विरेपर्यंत ऐकला. दुसऱ्या फेरीत तेच केलं. दुसरा आवाज जरा मोठा आहे का? की त्यानेच तार जोरात छेडली? तिसऱ्या फेरीत त्याला काहीच कळेना. पट्टीआडच्या अंधारात त्याला पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसलं की तीन वर्षं दर रविवारी आपण जे ऐकलं ते कानाने ऐकलं नव्हतं. चादरीपलीकडून पेनांची कुरकुर येत होती. दहा माणसं न थांबता लिहीत होती. त्यांना किती कळतं, या विचाराने त्याने पुढचा सूर जरा हळूच छेडला.

प्रज्ञाच्या कागदाशी ताडून निकाल मोजायला अर्धा तास लागला. दहा परीक्षक, पाच फेऱ्या, एकूण पन्नास उत्तरं. त्यांपैकी बरोबर अकरा. (डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तर साडेबारा बरोबर आली असती. इतिवृत्तात ‘अकरा अचूक परीक्षणे’ एवढीच नोंद आहे.) दुसऱ्या फेरीला नऊ जणांनी अल्निको दोन लिहिलं होतं. त्या फेरीला प्रज्ञाने मूळचंच चुंबक बसवलं होतं, म्हणजे गेल्या बैठकीचा बहुमताचा निर्णय पुन्हा सिद्ध झाला आणि सहादेवरावांनी सुनील मगरांकडे पाहून शांतपणे मान हलवली. मगरांनी तीन लिहिलं होतं. ते तीनवर ठाम होते. एकाच चुंबकाचं नाव दोनदा मात्र कोणीच लिहिलं नव्हतं. पाच फेऱ्या आणि लिहिण्याजोगी नावं तीनच, हा हिशेब जमेना तेव्हा सगळ्यांनी ‘अल्निको अडीच’ आणि ‘अल्निको साडेतीन’ लिहून वेळ निभावून नेली होती.

“ताई, आता आपला कागद सर्वांसाठी मोठ्याने वाचा,” सहादेवराव म्हणाले.

प्रज्ञा वाचणार तेवढ्यात दाराशी खाकरण्याचा आवाज झाला.

“पैलं, चौथं अन् पाचवं एकच हाय,” कचरूबाबा म्हणाले. “नरम हाय ते. तारंला मोकळं सोडतंय, म्हनून आवाज लांबवर ऱ्हातो. दुसरं लई जोराचं. एकदम उठतंय अन् वर थोडं चरचरतंय. तिसरं मदलं, पन दुसऱ्याच्या अंगावर गेलेलं. चौथ्यानंतर तर पोरीनं खोलायचं नुसतं सोंग केलं. स्क्रू काढल्याचा आवाज आला, पन लोहचुंबक काय निगालं न्हाई.”

प्रज्ञाने कागद वाचला. दोन. मूळचं. पाच. दोन. दोन. तीन नंबरचं चुंबक डबीतून बाहेरच आलं नव्हतं.

मग एका परीक्षकाने विचारलं, “बाबा, तुम्ही हे कसं ओळखलंत?”

“मोटार जळायच्या आदी आवाज बदलती. लई न्हाई, एवडासा. तो वेळंत ऐकला न्हाई तर मोटार जाती, अन् दुसरी मिळंपर्यंत मानसाचं पीक जातं. पन्नास वर्सं ऐकतोय. चुकलो तर दुसऱ्याचं नुकसान व्हतं, मग ऐकावंच लागतं.”

सहादेवरावांनी चष्मा पुसला. “आपण मंडळाचे सभासद आहात का?”

“न्हाई बा.”

“आपण ‘नरम’, ‘जोराचं’ आणि ‘चरचरतंय’ असे शब्द वापरलेत. हे मंडळाच्या मान्य शब्दसूचीत नाहीत. त्यामुळे आपलं उत्तर बरोबर असलं तरी ते परीक्षण ठरत नाही. ती आठवण ठरते.”

“बरं,” कचरूबाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

तेव्हा चादर बाजूला झाली. रविराज पट्टी कपाळावर सरकवून बाहेर आला. कोणी काही विचारायच्या आतच तो बोलू लागला, कारण विचारेपर्यंत थांबलो तर धीर सुटेल हे त्याला ठाऊक होतं.

“मूळचं चुंबक अल्निको नाही. माझं माझ्या हातून फुटलं. हे लोखंडी कपाटाच्या दाराचं आहे. सिरॅमिक आहे. प्रज्ञाताईंनी ते माझ्यादेखत बसवलं होतं, मीच तुमच्यापासून लपवलं. आणि आणखी एक. मला फरक ओळखू येत नाही. तीन वर्षं मी तुमचं ऐकून लिहीत होतो. बाबांना ओळखू येतो. आणि कॉइल प्रज्ञाताईंनी भरलीय, बाबांनी नाही.”

तीन वर्षांत बैठकीतलं त्याचं हे सर्वांत मोठं भाषण. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली, आणि मग त्याने प्रज्ञाकडे पाहिलं. ती पिकअपचे स्क्रू आवळत होती, पण तिचा हात क्षणभर थांबला होता.

सहादेवराव उठले. त्यांनी ते काळं चुंबक बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेलं. अभियंत्याने बंधाऱ्याचा दगड पारखावा तसं पारखलं. शेवटी ते वळले.

“मी सुरुवातीपासून म्हणत होतो,” ते म्हणाले, “की यात एक बंदिस्तपणा आहे. काहीतरी जपून ठेवल्यासारखा.”

नऊ माना हलल्या, आणि या वेळी दहावीही हलली. वर्गवारीत पाचवा प्रकार एकमताने दाखल झाला: ‘कपाटी’. नाद: माहेरच्या साड्यांच्या घडीसारखा, मंद, डांबरगोळीच्या किंचित छटेसह. इतिवृत्तात त्या बैठकीची शेवटची ओळ अशी आहे: ‘सभासद श्री. कोलते यांनी सर्वांचे आभार मानले व बैठक संपली.’

पुढच्या दीड महिन्यात नगर आणि परिसरातल्या सात घरांत लोखंडी कपाटांची दारं लागेनाशी झाली. पाच घरी ती नाडीने बांधण्यात आली, एका घरी पुढे खुर्ची ठेवण्यात आली, आणि एका सभासदाची पत्नी कपाटासकट माहेरी गेली. शोरूमचं नवं चुंबक मंडळाला चालत नसे. किमान वीस वर्षं दार लावलेलं हवं.

चुंबकं घेऊन सभासद नेवासा फाट्यावर येऊ लागले. दुकानात शिरून ते प्रज्ञाच्या डोक्यावरून बघत आणि विचारत, “बाबा कुठंयत?” एक जण कॉइल भरून घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. ती मुलीने भरली असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून नाद पातळ वाटत होता. कचरूबाबांनी पिकअप हातात घेतला, फुंकर मारली आणि आठ दिवस फळीवर ठेवला. नवव्या दिवशी तो जसाच्या तसा परत दिला. सभासदाने तिथेच गिटारला लावून तार छेडली आणि टाळी वाजवली.

“आता आला बघा हात!”

“आला ना,” कचरूबाबा म्हणाले. तो गेल्यावर प्रज्ञा इतकी हसली की मांडीवरचा स्टेटर घसरला. मग तिचं हसू ओसरलं आणि ती म्हणाली, “बाबा, उद्या पाटी बदलायची. माझं नाव घालायचं.” पाटी बदलली. त्या महिन्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पुढच्या महिन्यात ते परत आलं, कारण मोटारी जळायच्या थांबत नाहीत आणि जवळ दुसरं कोणी भरणारं नव्हतं.

रविराजने मंडळ सोडलं. रविवारी तो आता नगरची एस.टी. धरत नाही. फाट्यावर कचरूबाबांच्या शेजारी बसतो. चालू केलेल्या मोटारीचं काय बिघडलं आहे हे ऐकून सांगायचा प्रयत्न करतो आणि चुकतो. चार महिन्यांनी एकदा त्याने बेअरिंगचा आवाज बरोबर ओळखला. कचरूबाबा नुसतं “हां” म्हणाले. घरी येऊन त्याने ज्ञानेश्वरीला तो “हां” तीनदा करून दाखवला. श्रेणी एकचं प्रमाणपत्र टपालाने आलं होतं, ते त्याने जावकमध्ये टाकलं.

मंडळ जोरात आहे. सभासदत्व आता सर्वांना खुलं झालं असून प्रवेशपरीक्षा अगदी सोपी आहे. उमेदवाराला चुंबकांच्या आवाजांविषयीची एक हकिकत छापील कागदावर वाचायला देतात. गिटार नसते, तार नसते, आवाज कसलाच नसतो. वाचता वाचता ज्याला सगळी चुंबकं वेगवेगळी ऐकू आली, आणि ‘त्या दहा जणांत मी असतो तर मला नक्की ओळखता आलं असतं’ असं ज्याने मनात म्हटलं, तो उत्तीर्ण. परीक्षा झाली आहे. आपलं अभिनंदन. फोटो दोन प्रतींत पाठवावा.